दार उघडें आहे तोंच निघा

नाताळच्या सुटींत पुण्याकडील कित्येक कुटुंबें मोटारीनें मुंबई बंदराकडे निघतात. कारण तेथून गोव्यास व लक्षद्वीपास सहलीचीं जहाजें जातात. मार्ग उत्तम आहे. द्रुतगती महामार्ग सन २००२ मध्यें पूर्ण झाला, आणि १२ जानेवारी २०२४ रोजीं खुला झालेला २१.८ किलोमीटरांचा अटल सेतु चिरल्याहून शिवडीस पोहोंचवितो. तरी सुटीच्या दिवसांत बोरघाटांत मोटारींची रांग लागते, व ती हालतां हालत नाहीं. जहाज तर कोणासाठीं थांबत नाहीं. आणि सामानाची व कागदपत्रांची तपासणी व्हावयाची असल्यामुळें, तें सुटण्यापूर्वींच प्रवेशाचें दार बंद होतें.

मग शहाणा मनुष्य काय करितो? तो जहाज सुटण्याची नव्हे, तर दार बंद होण्याची वेळ ध्यानांत धरितो, आणि आदल्या दिवशींच मुंबईंत मुक्काम करितो. उशिरां निघालेला मात्र घाट उतरतांच मोटार भरधाव हांकितो, व आपल्या आणि परक्यांच्या लेंकरांचा जीव धोक्यांत घालतो. जहाज चुकलें तर पैसे बुडतील; गेलेला जीव परत येणार नाहीं.

दहा कुमारींचा दाखला आपणांस ठाऊक आहे. पांच जणी तेल आणावयास गेल्या खऱ्या, पण परतल्या तेव्हां दार लागलें होतें. इच्छा होती; तयारी नव्हती. बंधूंनो, ज्या भावाशीं तुमचा अबोला आहे, त्याच्याकडे जाणें तुम्ही उद्यांवर टाकीत आहां काय? वाटेंत घाट आहेच. म्हणून आजच निघा.