वाक्य खरं, पण कोणासमोर?

मी पोटासाठी जे करतो त्याला आमच्याकडे रँकिंग म्हणतात. कुठली जाहिरात कोणाला, किती वाजता दिसेल हे ठरवणारा कोड. मजकुराशी माझा संबंध नाही. म्हणून ग्राहक संरक्षण कायदा, २०१९ वाचताना आधी हायसं वाटलं. वस्तूचं खोटं वर्णन, खोटी हमी, महत्त्वाची माहिती मुद्दाम दडवणं, असं काही असेल तर जाहिरात दिशाभूल करणारी. दंड १० लाखांपर्यंत, पुन्हा केलं तर ५० लाखांपर्यंत. सगळा भर मजकुरावर.

आता समजा, एकाचा हप्ता बाऊन्स झालाय आणि रात्री एक वाजता त्याच्या फोनवर कर्जाची जाहिरात येते. व्याजदर खरा, अटी दिलेल्या, परवाना अस्सल. तरी खटकतं. खोट मजकुरात सापडत नाही, कारण ती त्या माणसाला निवडण्यात आहे.

गंमत म्हणजे जुन्या कायद्याला हे कळलं होतं. १९५४ च्या औषधे व जादुई उपाय (आक्षेपार्ह जाहिराती) कायद्यात खोट्या दाव्यांसाठी कलम ४ आहेच. पण कलम ३ खरं-खोटं विचारतच नाही. मधुमेह, कर्करोग अशा परिशिष्टातल्या रोगांवर औषध सुचवणारी जाहिरातच करायची नाही. तीच जाहिरात ठरलेल्या पद्धतीनं, गोपनीयपणे नोंदणीकृत डॉक्टरला पाठवली तर मात्र चालते. वाक्य तेच; रोग्यापुढे ठेवलं की गुन्हा. (परिशिष्टात उंचीही आहे. उंची वाढवण्याच्या जाहिराती वाचतच आमची पिढी वाढली, ते सोडा.)

यावर ऑफिसातलं उत्तर ठरलेलं: गरजवंतालाच वस्तू दाखवणं ही सेवाच, आणि सज्ञान माणसाला काय कळत नाही? आक्षेप रास्त आहे. १९५४ च्या कायद्याला मायबाप सरकारचा वास येतो, मलाही येतो. २०२२ च्या मार्गदर्शक तत्त्वांत लहान मुलांसाठी वेगळे नियम आहेत; मोठ्यांना तसं वागवणं अपमानाचंच. पण दुकानदार गिऱ्हाईकाचा चेहरा वाचतो तेव्हा गिऱ्हाईकही त्याचा वाचत असतं. इथे यंत्रणेला त्याचा चुकलेला हप्ता दिसतो, त्याला मात्र आपण का निवडले गेलो ते दिसत नाही.

म्हणून 'महत्त्वाची माहिती' या शब्दांत मी निवडीचं कारणही धरतो. कोर्टात ते टिकेल का, वकील सांगतील. जाहिरातीखाली एक ओळ असावी: 'तुमचा हप्ता चुकला, म्हणून ही तुम्हाला दिसते आहे.' ती वाचूनही काही जण कर्ज घेतील. घेऊ देत.