दांडा वाकवला, ट्रक तोच?

1954च्या करारातून भारतात बनू लागलेल्या जुन्या टाटा-मर्सिडीज ट्रकचा गिअर अलिबागजवळच्या कार्लेखिंडीच्या चढावर टाकताना चालकाचा खांदा भरून येतो. गॅरेजवाला दांडा तापवून सीटकडे वाकवतो, वीतभर वाढवतो; तरफेच्या न्यायाने जोर कमी लागतो, हात मात्र जास्त फिरवावा लागतो. मग ट्रक अस्सल राहिला का? ‘मिलिंदप्रश्न’ या बौद्ध ग्रंथात भिक्खू नागसेन मिलिंद राजाला विचारतो, चाक म्हणजे रथ का, आस म्हणजे रथ का? दोन्ही नव्हेत. रथपण एका भागात नसते, ते भागांच्या जुळणीवर उभे असते. त्या न्यायाने दांड्याला बाक आला म्हणून ट्रकपण जात नाही.

मग सगळेच बदला, असे कोणी म्हणेल. तसे नाही. क्लच दाबून, इंजिनाचा आवाज ऐकून गिअर टाकणे हा त्या जुळणीचा गाभा आहे. ऑटोमॅटिक गिअरबॉक्स बसवला की तोच मोडतो. त्रास सोसण्यातच निष्ठा आहे, हा दुसरा आक्षेप. पण शरीराला उगाच पिडणाऱ्या तपाला गीतेचा सतरावा अध्यायही आसुरी ठरवतो. शिवाय अलिबाग-मुरूडच्या खाऱ्या हवेत उभी गाडी गंजतेच. ती चालती राहील एवढाच बदल करणे, हेही जतनच होय.