तासाभराच्या कामाला दिवसाची मजुरी

ख्रिस्ती सेवाकार्य म्हटले की मराठी वाचकाला मिरजेचे मिशन हॉस्पिटल आठवते, केडगावचे मुक्ती मिशन आठवते, कुष्ठरोग्यांच्या जखमा धुणाऱ्या नन आठवतात. ही माणसे हे का करतात, याची दोन उत्तरे आपल्याकडे तयार असतात. आदराने बोलणारा म्हणतो, येशूची करुणा. संशयाने बोलणारा म्हणतो, धर्मांतर. करुणा हा स्वभावाचा भाग झाला आणि धर्मांतर हा हेतूचा. ख्रिस्ती धर्मविचाराचे स्वतःचे म्हणणे या दोन्हींत कुठेच येत नाही. ते म्हणणे माझ्या मते असे आहे: गरिबाला जे दिले जाते ते मुळात त्याचेच असते, म्हणून देणारा उपकारकर्ता ठरत नाही. हा विचार समजून घ्यायला चर्चपेक्षा पुण्याच्या गुलटेकडीचे मार्केट यार्ड अधिक उपयोगी पडेल, कारण ज्या गोष्टीवर तो उभा आहे ती बाजारातच घडते.

मत्तयाच्या शुभवर्तमानाच्या विसाव्या अध्यायात ती गोष्ट आहे. द्राक्षमळ्याचा धनी भल्या पहाटे बाजारात जातो आणि एक दिनार ठरवून मजूर लावतो. दिनार म्हणजे त्या काळची दिवसाची मजुरी, एका घराची त्या दिवसाची चूल. पुढे दिवसभरात तो पुन्हा पुन्हा बाजारात येतो. दिवस मावळायला तासभर उरला असतानाही तिथे माणसे उभीच आहेत. रिकामे का, असे विचारल्यावर, आपल्याला कुणी कामावरच घेतले नाही, असे ती सांगतात. धनी त्यांनाही मळ्यात पाठवतो आणि संध्याकाळी तासभर राबलेल्यालाही पूर्ण दिनार देतो. या गोष्टीवर देवाच्या कृपेचे रूपक म्हणून असंख्य प्रवचने झाली. मात्र त्या माणसांच्या उत्तराकडे फारसे कुणी थांबून पाहिले नाही. पोत्याला आकडी लावून ते पाठीवर घेणाऱ्या हमालाला त्या उत्तराचा अर्थ सांगावा लागत नाही. गाडी आली तर हमाली, नाही आली तर नाही, आणि गाडी न येणे हा काही त्याचा आळस नव्हे. धनी मजुरी ठरवताना कामाचे तास मोजत नाही, घरी किती लागेल ते बघतो.

हे औदार्य अधांतरी नाही, त्यामागे जुन्या कराराचा कायदा आहे. भुसार बाजारात पोते फुटते, गहू-डाळ फरशीवर सांडते. ती खराट्याने गोळा करून, सुपात पाखडून, खडे वेचून घरी नेणाऱ्या बायका तिथे दिसतात. त्यांना ते नेऊ द्यायचे की हटकायचे, हे मालाच्या धन्याच्या मर्जीवर असते. मोशेच्या नियमशास्त्राने ही मर्जी काढून घेतली. शेताचे कोपरे कापायचे नाहीत, पडलेला सरवा मालकाने वेचायचा नाही. तो गरिबाचा, परक्याचा, विधवेचा. मजुराची मजुरी सूर्य मावळण्याआधी चुकती करायची. त्यामागचा विचार असा: जमीन देवाची आहे आणि तिच्यावरचा माणूस कूळ आहे. आमोस संदेष्टा तर थेट धान्याच्या व्यापाऱ्यांवरच तुटून पडतो: माप लहान करणारे, तराजूत खोट ठेवणारे, गव्हाबरोबर भूसही विकणारे. चौथ्या शतकात, आजच्या तुर्कस्तानातल्या कैसरिया शहरात दुष्काळ पडला तेव्हा ख्रिस्ती धर्मगुरू बेसिलने कोठारे भरून ठेवणाऱ्यांना प्रवचनात सुनावले की तुमच्या कोठारातले धान्य भुकेल्यांचे आहे. त्याने अन्नछत्र चालवले आणि पुढे शहराबाहेर रुग्णांसाठी मोठी वसाहत उभी केली. ख्रिस्ती रुग्णालयांचा इतिहास बहुधा तिथूनच सांगितला जातो. मला त्या प्रवचनाचे मोल इमारतीपेक्षा जास्त वाटते, कारण साठवलेल्या धान्याची मालकी कुणाची, हा प्रश्न त्याने आधी विचारला आणि छत्र त्या प्रश्नातून निघाले.

पहिला आक्षेप मार्केट यार्डातूनच येईल, आणि तो रास्त आहे. पहाटेपासून उन्हात राबलेल्याला आणि तासाभरासाठी आलेल्याला सारखेच पैसे? गोष्टीतले पहाटेचे मजूरही हेच बोलून कुरकुरतात. धनी त्यांना ठरलेले पुरे देतो, त्यांच्यातले काही कापून दुसऱ्याला देत नाही; तेवढे उत्तर पुरते. पण त्यामागे एक मोठा आक्षेप आहे: धनी उद्या लहरी निघाला तर? मजुराचे पोट धन्याच्या चांगुलपणावर किती दिवस सोडायचे? इथे गोष्टीची मर्यादा मान्य केली पाहिजे. त्यापुढचे काम पुण्यामुंबईच्या कष्टकऱ्यांनी केले. डॉ. बाबा आढावांची हमाल पंचायत आणि मुंबईतली माथाडींची चळवळ यांच्या लढ्यातून 1969चा माथाडी कायदा आला. हमाली माथाडी मंडळात जमा होऊ लागली, तिच्यावर लेव्ही बसली आणि ज्याला कायमचा मालकच नाही अशा माणसाला भविष्य निर्वाह निधी मिळाला. याच हमाल पंचायतीने ‘कष्टाची भाकर’ ही खानावळ सुरू केली. तिथे हमाल ताटाचे पैसे देतो, फक्त ते त्याला परवडतील एवढे असतात. हमाल पंचायतीला ख्रिस्ती ठरवण्याचा इथे मुळीच हेतू नाही. तिचा वारसा सत्यशोधकांचा आहे. तरी स्कॉटिश मिशनच्या शाळेत शिकलेल्या जोतीराव फुल्यांनी ‘गुलामगिरी’त येशूला बळीराजाच्या पंगतीला बसवले, हे आठवायला हरकत नाही. दानावर जगणाऱ्या आणि दानाने मिंधे करणाऱ्या व्यवस्थेवर प्रहार करणाऱ्या फुल्यांना येशूत दाता दिसला नाही, नाडलेल्यांचा राजा दिसला.

दुसरा आक्षेप धर्मशास्त्राच्या आतून येतो. तारण कृपेने मिळते, कर्माने नाही, असे पौल सांगतो. मग सेवा कशाला? याकोबाचे पत्र कृतीवाचून विश्वास मेलेला आहे असे बजावते, आणि हा ताण पंधराशे वर्षे तसाच राहिला. धर्मसुधारक मार्टिन ल्यूथरने 1520मध्ये दिलेले उत्तर मला सर्वांत स्वच्छ वाटते. देवाला तुमच्या सत्कर्माची गरज नाही, शेजाऱ्याला आहे. स्वर्गात पुण्याचे खाते भरायचे नसेल, तर दान करताना स्वतःकडे बघण्याचे कारणच उरत नाही; फक्त समोरच्याला काय लागते एवढेच बघायचे. 1523मध्ये जर्मनीतल्या लाइस्निग गावाने गरिबांसाठी सामाईक पेटी ठेवून तिचे लेखी नियम केले. दात्याच्या पुण्याशी तिचा संबंध उरला नव्हता. ती गावाची जबाबदारी झाली होती.

यानंतर धर्मांतराचा आक्षेप. आणि महाराष्ट्रात तो टाळून पुढे जाणे अप्रामाणिकपणाचे होईल. पंडिता रमाबाईंनी 1889मध्ये मुंबईत शारदा सदन काढले आणि पुढच्या वर्षी ते पुण्यात आणले. 1893मध्ये मुली ख्रिस्ती होत असल्याच्या ओरड्यात रानडे आणि भांडारकर सल्लागार मंडळातून बाहेर पडले. 1896-97च्या दुष्काळात रमाबाईंनी मध्य प्रांतातून उपाशी मुली आणल्या, केडगावात त्यांना अन्न, अक्षरे आणि छपाईपासून विणकामापर्यंतचे हुन्नर दिले, आणि बायबलही दिले. नंतर जुन्या मध्य प्रदेशातल्या नियोगी समितीने 1956च्या अहवालात सेवेआडून धर्मांतर होते असा ठपका ठेवला. ‘पोटासाठी बाटले’ हा टोमणा मला मान्य नाही. त्यात भुकेल्याची टवाळी आहे, आणि गावकुसाबाहेरच्या माणसाने स्वतःच्या बुद्धीने धर्म निवडला असेल ही शक्यताच तो नाकारतो. पण जिच्यापुढे दुसरा दरवाजा नाही अशा भुकेल्या मुलीच्या होकाराला किती वजन द्यायचे, हा प्रश्न खरा आहे, आणि रमाबाईंबद्दलचा सगळा आदर ठेवूनही तो पुसता येत नाही. त्याचे उत्तर मला त्या धर्माच्या आतच दिसते. द्राक्षमळ्याचा धनी मजुराला त्याची श्रद्धा विचारत नाही. चांगल्या शोमरोन्याच्या गोष्टीत तर मदत करणाराच ज्यूंच्या लेखी पाखंडी आहे आणि रस्त्यावर पडलेल्याला कुणीही काही कबूल करायला लावत नाही. भाकरी हा भुकेल्याचा हक्क असेल, तर तिच्या बदल्यात काहीही मागणे म्हणजे त्याचीच वस्तू त्याला विकणे. अशी विक्री जिथे झाली तिथे मिशनने आमोसाच्या खोट्या तराजूनेच तोलले, असे मी म्हणेन. हाच निकष आजच्या ख्रिस्ती संस्थांनाही लागतो. रुग्णालयाच्या दारावर क्रूस आणि आत झाडलोट करणारी बाई वर्षानुवर्षे कंत्राटावर, हे चालणार नाही.

शेवटी कुणी विचारेल, देवाचे नावही न घेता हमाल पंचायत हे सगळे करू शकली, तर या धर्मविचाराची गरज काय? मत्तयाच्याच पंचविसाव्या अध्यायात न्यायाच्या दिवसाचे वर्णन आहे. ज्यांनी भुकेल्याला जेवू घातले, उघड्याला वस्त्र दिले, ते राजापुढे चकित होऊन उभे राहतात, कारण आपण राजाचीच सेवा केली हे त्यांना ठाऊकच नसते. राजा त्यांची श्रद्धा तपासत नाही, त्यांना आत घेतो. ज्यांना आपण राजाला ओळखतो अशी खात्री होती, त्यांतले कितीतरी त्या दिवशी बाहेर राहतात.