द्रोणाचार्यांनी कोणाला विचारले?



महाभारताच्या द्रोणपर्वातील प्रसंग आपणा सर्वांस ठाऊक आहे. आचार्यांच्या हाती शस्त्र आहे तोवर त्यांना जिंकणे अशक्य, हे पांडव जाणून होते. तेव्हा भीमसेनाने अश्वत्थामा नावाचा हत्ती मारला आणि अश्वत्थामा मेला अशी हाक रणांगणात उठविली. आचार्यांच्या पुत्राचे नावही तेच. आचार्य भोळे नव्हते. त्या हाकेवर त्यांनी एकदम विश्वास ठेवला नाही. त्यांनी चौकशी केली. पण ती केली कोणाकडे? समोरच्याच पक्षात उभ्या असलेल्या युधिष्ठिराकडे. धर्मराजाने होकार दिला. हत्ती हा शब्द मात्र हळूच उच्चारला, आणि कीर्तनकार सांगतात त्याप्रमाणे तो शंखनादात बुडून गेला. आचार्यांनी शस्त्र खाली ठेवले.

धर्मयुद्धात हा डाव का खेळला गेला, याचे निरूपण आपण पुष्कळदा ऐकले आहे. आज त्या प्रसंगाकडे आचार्यांच्या बाजूने पाहावयाचे आहे. कारण तशीच हाक आता घरोघरी मोबाईलवर येत आहे. ‘तुमचे खाते आज रात्री बंद होईल, पॅन क्रमांक ताबडतोब जोडा’, असा बँकेच्या नावाने संदेश येतो. खाली एक लिंक असते आणि एक दूरध्वनी क्रमांक असतो.

या संदेशाचे बळ त्याच्या खोटेपणात नाही, त्यातील अर्ध्या सत्यात आहे. हत्ती खरोखरच मेला होता. तसेच पॅन आणि ओळखपत्रे बँकेत नोंदवावी लागतात, हेही खरेच आहे. आपल्याकडील पुष्कळ घरांची खाती पूर्वी स्टेट बँक ऑफ हैदराबादमध्ये होती. १ एप्रिल २०१७ रोजी ती बँक भारतीय स्टेट बँकेत विलीन झाली आणि जुन्या खातेदारांना बँकेचे नवे नाव अंगवळणी पाडावे लागले. अशा वृद्ध माणसास ‘बँकेने पुन्हा काही नवे काढले असेल’ असे वाटले, तर त्यात नवल ते काय? त्यातून संदेश इंग्रजीत असला म्हणजे अर्थ पुरता न कळता भीती तेवढी कळते.

हे केवळ खेड्यापाड्यांतच घडते असे नाही. मार्च २०२३ मध्ये मुंबईत एका खासगी बँकेच्या सुमारे चाळीस खातेदारांनी अशाच संदेशांपायी अवघ्या तीन दिवसांत लाखो रुपये गमावले. म्हणजे येथे प्रश्न शिक्षणाचा नाही. भयाच्या क्षणी बुद्धी कोठे असते, याचा आहे.

आता हा डाव कसा चालतो ते पाहा. लिंक दाबली की बँकेच्या पानासारखेच हुबेहूब पान उघडते. आपण तेथे नाव आणि परवलीचा शब्द लिहितो. पलीकडे बसलेला चोर तेच बँकेच्या खऱ्या पानावर भरतो. मग खरी बँक आपल्याच मोबाईलवर ओटीपी पाठविते. तो अंक खऱ्या बँकेचा असल्यामुळे आपला उरलासुरला संशयही फिटतो, आणि आपण तोही लिहून देतो! वास्तविक ‘हा अंक कोणास सांगू नका’ असे त्याच संदेशात लिहिलेले असते. पुष्कळदा किती रक्कम जाणार तेही असते. पण घाईच्या शंखनादात तो ‘हत्ती’ आपणास ऐकू येत नाही.

आपल्या निर्मलचे कारागीर हलक्या पोणिकी लाकडाची फळे अशी रंगवितात की डोळे फसतात. हाती घेताच वजनावरून उमगते. संदेशाचीही परीक्षा डोळ्यांनी करू नये. ६ मे २०२५ पासून कंपन्यांच्या संदेशात पाठविणाऱ्याच्या नावाअखेर पी, एस, टी किंवा जी हे अक्षर येऊ लागले. ३१ ऑक्टोबर २०२५ पर्यंत बँकांनी आपली संकेतस्थळे ‘डॉट बँक डॉट इन’ या नावाखाली आणावीत, असे रिझर्व्ह बँकेने ठरवून दिले. या खुणा उपयोगी आहेत. परंतु मुख्य परीक्षा एकच. ज्याने हाक दिली त्याच्याच पक्षाला विचारू नये. संदेशातील लिंक दाबू नये, त्यातील क्रमांकावर विचारणा करू नये, त्याने पाठविलेले ॲप मोबाईलवर उतरवून घेऊ नये. कार्डाच्या पाठीवरील क्रमांकावर विचारावे, अथवा पासबुक घेऊन शाखेत जावे. परवलीचा शब्द, ओटीपी आणि पिन कोणतीही बँक मागत नाही. आणि यूपीआयवर पैसे घेण्यासाठी पिन कधीही लागत नाही.

इतकी सावधगिरी बाळगूनही एखाद्या घरी घात होतो. तेथे खरी धर्मपरीक्षा सुरू होते. ज्याचे पैसे गेले तो वृद्ध पिता किंवा ती सासू लाजेने गप्प राहते. बोलल्यास घरचे संतापतात. त्या मौनाचा आणि त्या संतापाचा लाभ केवळ चोरालाच होतो, कारण पैसे एका खात्यातून दुसऱ्यात सरकत असतात आणि ते अडविण्याचा अवधी फार थोडा असतो. तत्क्षणी १९३० या क्रमांकावर तक्रार करावी आणि बँकेलाही कळवावे. रिझर्व्ह बँकेच्या ६ जुलै २०१७ च्या परिपत्रकाने असा दंडक घातला की, ग्राहकाने स्वतः गुप्त अंक सांगितला असल्यास बँकेस कळवीपर्यंतचे नुकसान त्याचे, कळविल्यानंतरचे बँकेचे. म्हणून लाजेत दवडलेल्या प्रत्येक घटकेची किंमत घरालाच मोजावी लागते.

वयाने मी लहान आहे. वडीलधाऱ्यांना उपदेश करण्याचा माझा अधिकार नाही. तरुणांना मात्र हात जोडून एक विनंती आहे. आज सायंकाळी देवापुढे दिवा लागल्यावर घरातील वृद्धांजवळ घटकाभर बसा, शाखेचा आणि कार्डावरील क्रमांक त्यांना मोठ्या अक्षरांत लिहून द्या, आणि सांगा, “असा संदेश आला तर आधी मला हाक मारा, काही चुकले तरी मी रागावणार नाही.” द्रोणाचार्यांजवळ त्या घटकेस आपले म्हणून विचारावे असे कोणी नव्हते. आपल्या घरातील वडीलधाऱ्यांवर तशी वेळ येऊ नये.

शुभं भवतु.