दैव, कौल आणि बावटा

मालवण तालुक्यात आचऱ्याच्या दक्षिणेस, पश्चिमेला अरबी समुद्र आणि पूर्वेला गड नदीचे पात्र यांच्यामध्ये वाळूची जी लांब, अरुंद पट्टी पसरली आहे, तिच्यावर उत्तरेकडे तोंडवली आणि दक्षिण टोकाला तळाशील अशी वस्ती आहे. सह्याद्रीतून उतरलेली गड नदी समुद्राच्या अगदी निकट येऊनही त्याला एकदम मिळत नाही. ती किनाऱ्याला समांतर वाहत जाते आणि सर्जेकोटच्या बाजूस त्याच्यात विलीन होते. त्यामुळे पावसाळ्यात येथील घराला पुढील दारी उधाण आणि मागील दारी नदीचा पूर अशा दोन सत्तांमध्ये दिवस काढावे लागतात. मनुष्याचे अस्तित्व जेथे इतके उघड्यावर आहे, तेथे दैव म्हणजे काय, ईश्वराच्या रक्षणाचा अर्थ काय, हे प्रश्न ग्रंथ उघडण्याची वाट पाहत नाहीत.

त्यांतला एक प्रश्न मला विशेष महत्त्वाचा वाटतो. नारळी पौर्णिमेला दर्याला श्रीफळ अर्पण करणारा, ग्रामदेवतेपुढे गाऱ्हाणे घालून साऱ्या गावाची राखण तिच्या स्वाधीन करणारा मनुष्य जेव्हा वेधशाळेच्या वार्तेकडे कान लावतो, तेव्हा त्याच्या श्रद्धेत काही उणे पडते काय? जे यायचे ते दैवाधीन असेल तर त्याचा माग काढणे व्यर्थ. आणि ज्याचा माग काढता येतो ते दैवाधीन कसले? शंका जुनी आहे आणि ती प्रामाणिकपणे विचारली जाते, म्हणून तिला प्रामाणिक उत्तर दिले पाहिजे.

आपत्तीवर देशभर नजर ठेवण्याची कल्पना आपल्याकडे एका महासंहारातून जन्मली. ऑक्टोबर 1864 मध्ये कलकत्त्यावर भयंकर चक्रीवादळ येऊन गेले आणि दुसऱ्याच वर्षी त्या बंदरात वादळाची इशारत देण्याची व्यवस्था झाली. 1875 साली हवामान खाते स्थापन झाले आणि पुढे बंदराबंदरांवर क्रमांकांचे बावटे चढू लागले. आपल्या किनाऱ्यावर ‘तीन नंबरचा बावटा लागला’ हे वाक्य आजही मच्छीमारांच्या बोलण्यात आहे. 26 डिसेंबर 2004 च्या त्सुनामीनंतर 2005 साली आपत्ती व्यवस्थापनाचा कायदा झाला आणि 2007 मध्ये हैदराबादच्या महासागर-माहिती केंद्रात त्सुनामीची पूर्वसूचना देणारा विभाग उभा राहिला. आज उपग्रहाने पाहिलेला ढगांचा भोवरा दिल्लीहून मुंबईस, मुंबईहून ओरोसच्या सिंधुदुर्ग जिल्हाधिकारी कचेरीत, तेथून मालवणच्या तहसीलदारांकडे आणि अखेरीस तलाठी, पोलीस पाटील व कोतवाल यांच्या मुखाने गावात शब्दरूपाने उतरतो. या लांबलचक साखळीचे शेवटचे टोक यंत्र नसून एका माणसाने दुसऱ्याला सांगितलेली गोष्ट आहे, आणि माझ्या मते श्रद्धेचा खरा प्रश्न तेथे सुरू होतो.

कारण वादळाची सूचना ही ऐकणाऱ्याला प्रत्यक्ष नसते. सूचना मिळते तेव्हा आकाश पुष्कळदा निरभ्र असते, दर्या शांत असतो, आणि रापणीत मासळी बरी मिळत असते. इंद्रिये ज्याची साक्ष देत नाहीत त्यावर विसंबून होडी ओढून घ्यायची, एका दिवसाची कमाई सोडायची, म्हातारीकोतारी माणसे शाळेच्या इमारतीत नेऊन बसवायची, हे सारे केवळ दुसऱ्याच्या शब्दावर करावयाचे असते. आपल्या नैयायिकांनी शब्दाला स्वतंत्र प्रमाण मानले, पण ते कोणाच्याही शब्दाला नव्हे. तो आप्ताचा शब्द असला पाहिजे. ज्याने विषय साक्षात जाणला आहे आणि जो तो जसा जाणला तसाच सांगू इच्छितो, तो आप्त. न्यायसूत्रांवर भाष्य करणाऱ्या वात्स्यायनाने याहून पुढे जाऊन असे म्हटले आहे की हे लक्षण ऋषी, आर्य आणि म्लेच्छ या सर्वांना सारखेच लागू पडते. दीड हजारांहून अधिक वर्षांपूर्वीचा हा उदार विचार वाचताना मन भरून येते. सत्य सांगणाऱ्याचे कूळ त्याने विचारले नाही, त्याचे ज्ञान आणि त्याची सचोटी तेवढी विचारली.

तोंडवलीच्या शेजारच्या मुलखात या प्रमाणाची एक विलक्षण प्रयोगशाळा शतकानुशतके चालू आहे. आचरे, वायंगणी, चिंदर या गावांत ठराविक वर्षांनी गावपळण होते. आचऱ्यात श्रीदेव रामेश्वराला कौल लावला जातो, आणि देवाचा हुकूम झाला की सारा गाव, गुराढोरांसकट, कोंबड्याकुत्र्यांसकट, वेशीबाहेर पडतो. तीन दिवस आणि तीन रात्री घरांना माणसाचा स्पर्श होत नाही. माणसे माळावर, नदीपलीकडे झावळ्यांच्या झोपड्या घालून राहतात, आणि परतण्यासाठी पुन्हा कौल घ्यावा लागतो. श्रीमंत आणि कुळवाडी, मानकरी आणि मोलकरी, सर्वांना तोच हुकूम. या प्रथेचा उगम कशात आहे याविषयी अनेक मते आहेत, आणि त्यांत मला येथे शिरावयाचे नाही. मला दिसते ते इतकेच की, डोळ्यांना न दिसणाऱ्या कारणासाठी, विश्वसनीय मानलेल्या एका शब्दावर, हजारो माणसांनी एका दिवसात घरदार सोडावे आणि कोणाला मागे ठेवू नये, ही गोष्ट या भूमीला अपरिचित नाही. मोठमोठी शासने जे दंडाच्या धाकाने साध्य करू पाहतात, ते येथे धर्माने पिढ्यान्‌पिढ्या अंगवळणी पाडले आहे. सूचनेवर विश्वास ठेवणे म्हणजे देवावरचा विश्वास सोडणे, असे म्हणणाऱ्याने गावपळणीच्या माळावर एक रात्र काढावी. देवाच्या आज्ञेने घर सोडणारा मनुष्य घराच्या भिंतींना देव मानीत नाही, आणि जीव राखणे हे अश्रद्धेचे कृत्य समजत नाही.

मे 2021 मध्ये तौक्ते चक्रीवादळ लक्षद्वीपकडून वर सरकत सिंधुदुर्गाचा किनारा झोडपून गेले. ते 17 तारखेच्या रात्री गुजरातच्या किनाऱ्यावर आदळण्याच्या कितीतरी दिवस आधी त्याचा मार्ग हवामान खात्याने सांगितला होता. तरीही मुंबईच्या समुद्रात तेलक्षेत्राजवळ नांगरलेला पी-305 हा तराफा किनाऱ्यावर परतला नाही; नांगर तुटले, आणि तो बुडून सत्तरहून अधिक कामगारांचा अंत झाला. त्यांनी वादळ पाहिले ते अगदी अखेरीस. शब्द मात्र पुष्कळ आधी निघालेला होता. येथे दैवाला दोष देणे मला अधर्म वाटतो. गीतेच्या अठराव्या अध्यायात कोणत्याही कर्माची पाच कारणे सांगितली आहेत, आणि त्यांत दैव पाचवे आहे. अधिष्ठान, कर्ता, साधने आणि नाना चेष्टा ही चार त्याच्या आधी येतात. वादळाची उत्पत्ती पाचव्यात मोडेल. माणसांना त्याच्या वाटेत राहू देणे पहिल्या चारांत मोडते. पूर्वसूचनेचे शास्त्र जसजसे वाढते तसतशी या दोहोंमधली सीमा सरकते, आणि काल ज्याला आपण दैव म्हणत होतो त्यातला एकेक भाग आज आपल्या कर्तव्याच्या हद्दीत येऊन पडतो. ओडिशात 1999 च्या महावादळात सुमारे दहा हजार माणसे मेली. 2013 मध्ये फायलिन आले तेव्हा जवळजवळ दहा लाख लोकांना आधीच हलवले गेले आणि मृत्यूंची संख्या शंभराच्या आत राहिली. दर्या तोच होता.

अर्थात सर्वच आपत्ती असे आधी कळवीत नाहीत. 30 सप्टेंबर 1993 च्या पहाटे, अनंत चतुर्दशीचे विसर्जन करून लोक नुकते निजले असता, किल्लारीची भूमी हादरली आणि हजारो माणसे दगडमातीच्या जड भिंतींखाली गेली. काल ज्याला निरोप दिला त्या विघ्नहर्त्याने आज हे कसे होऊ दिले, या प्रश्नापुढे मी मस्तक नमवतो. त्याला उत्तर देण्याचे धाडस माझ्याने होत नाही. 1934 च्या बिहार भूकंपानंतर गांधीजींनी त्याला अस्पृश्यतेच्या पापाचे शासन म्हटले आणि रवींद्रनाथांनी या विवेकहीन कारणमीमांसेचा जाहीर निषेध केला. माझे मत निःसंशय रवींद्रनाथांकडे आहे: धरणीच्या उदरातील हालचाल कोणाचे पाप मोजीत नाही, आणि ढिगाऱ्याखाली गेलेल्या बालकावर पापाचा आरोप करणे ही दुसरी आपत्ती आहे. मात्र आपत्ती मनुष्याच्या आचरणाचा हिशेब मागते, ही गांधीजींची तळमळ मी टाकून देऊ शकत नाही. तो हिशेब भिंत कोणी, कशी बांधली, इशारा कोणापर्यंत पोचला आणि कोणापर्यंत नाही, याचा आहे. नोव्हेंबर 2009 मध्ये फयान चक्रीवादळ आले तेव्हा खोल समुद्रात गेलेल्या कोकणच्या कित्येक नौकांना परतण्याइतका अवधीच मिळाला नाही. त्या माणसांपुरते आपले सारे ज्ञान असून नसल्यासारखे होते.

आप्ताची कसोटी कठीण आहे ती आणखी एका कारणाने. वादळ वळते, सांगितलेला पाऊस पडत नाही, आणि दोन दिवसांची मासेमारी उगाच बुडाली असे मच्छीमाराला वाटते. अशा वेळी अधिकाऱ्याने आपले अज्ञान लपवले किंवा तो तुटकपणे बोलला तर पुढच्या बावट्याचे वजन कमी होते. जेवढे कळले तेवढे सांगावे, जे कळले नाही तेही सांगावे, आणि बुडालेल्या मजुरीची भरपाई पंचनाम्यांच्या फेऱ्यांत अडकू न देता द्यावी. प्रामाण्य असे कमवावे लागते.

आणि तोंडवली-तळाशीलच्या पट्टीचे जे खरे संकट आहे, त्याला तर बावटाच नाही. दर पावसाळ्यात दर्या किनारा थोडा थोडा खातो, माड मुळे उघडी पडून कलंडतात, धूपप्रतिबंधक बंधाऱ्याची मागणी पुन्हा एकदा कचेरीत जाते. उपग्रहाला एका रात्रीचे वादळ तत्काळ दिसते. पट्टी किती हात अरुंद झाली याची इशारत मात्र कोणत्याही बंदरावर चढत नाही. गंडांतर हळू येते म्हणून ते गंडांतर नाही, असा निवाडा कोणत्या धर्मशास्त्राने दिला? आगोटीपूर्वी आणि पावसाळा सरल्यावर समुद्राच्या अंगाची आणि नदीच्या अंगाची अशी दोन्ही मोजमापे तलाठ्याच्या दप्तरात नोंदली जावीत, आणि देवळात कौल जसा सर्वांसमक्ष घेतला जातो तशी ती ग्रामसभेत सर्वांसमक्ष वाचली जावीत. मग बंधारा कोठे घालावा आणि कोणाचे घर आधी हलवावे हे ठरवणे गावाला आणि सरकारला टाळता येणार नाही.