आईच्या प्रेमाला माप आहे काय?

आईबापांचे तान्ह्या लेकराशी असलेले नाते मोजता येते काय? पुष्कळजण म्हणतील, प्रेम ही काय तराजूत घालण्याची वस्तू आहे? परंतु बालरोगतज्ज्ञ, मानसोपचारतज्ज्ञ आणि न्यायाधीश यांना असे म्हणून सुटता येत नाही. हे मूल आईजवळ ठेवावे की दूर करावे, हे केव्हा तरी कोणाला तरी ठरवावेच लागते.

शलमोन राजापुढे दोन स्त्रिया व एक मूल आले, ती कथा शब्बाथ शाळेतील लहानांनाही ठाऊक आहे. राजाने नुसत्या बोलण्यावर विसंबून निकाल दिला नाही. मूल गमावण्याची घडी येताच कोण काय करते, हे त्याने पाहिले. नाते ताटातुटीच्या वेळी उघडे पडते, हे त्याने ओळखले होते.

विसाव्या शतकात मेरी एन्सवर्थ या विदुषी काहीशा याच वाटेने गेल्या. अमेरिकेतील बाल्टिमोर शहरात त्यांनी 26 कुटुंबांचा अभ्यास केला. बाळाच्या पहिल्या वर्षात निरीक्षक दर तीन आठवड्यांनी घरी जात व सुमारे चार तास बसत. बाळ रडले तर आई किती वेळाने उचलते, पाजताना बाळाच्या कलाने घेते की आपल्या, हे टिपून ठेवीत. मूल वर्षाचे झाल्यावर त्याला आईसह एका अनोळखी खोलीत आणीत. तेथे एक परकी बाई येई. आई दोनदा थोडा वेळ बाहेर जाई व परत येई. सारे मिळून वीसेक मिनिटांचे काम. मूल किती रडले याहून आई परतल्यावर ते काय करते, हे महत्त्वाचे. जवळ जाऊन शांत होते, तोंड फिरवते, की बिलगतेही आणि रागाने दूर लोटतेही? 1978 साली हा अभ्यास ग्रंथरूपाने प्रसिद्ध झाला.

अशी परीक्षा विश्वसनीय केव्हा म्हणावी? शिकून तयार झालेल्या दोन निरीक्षकांनी एकमेकांस न विचारता तेच मूल पाहिले, तर त्यांचे मत जुळले पाहिजे. हे बऱ्याच अंशी साधते. परंतु मते जुळली म्हणजे न्याय झाला, असे आम्हांला वाटत नाही. नाबोथाविरुद्धही दोघांची साक्ष जुळली होती! जपानात साप्पोरो येथे हीच परीक्षा घेतली, तेव्हा पुष्कळ बाळे फार आकांत करू लागली. ती आईवेगळी क्वचितच राहिलेली होती. म्हणजे खोली तीच, पण त्या लेकरांना ती अधिक कठोर. त्याचा दोष आयांच्या माथी कसा मारावा?

म्हणूनच 2017 साली या विषयातील अनेक जाणत्या संशोधकांनी एकत्र येऊन इशारा दिला. ताटातुटीनंतर एखादे मूल गोंधळल्यासारखे, भ्याल्यासारखे वागले, एवढ्यावरून त्याच्या घरी छळ होतो असे ठरवू नये. अनेक मुलांच्या अभ्यासात जे सत्य ठरते, ते एका मुलाचा निवाडा करण्यास पुरत नाही. योग्य साहाय्य मिळाल्यास आईबापांचे वागणे सुधारते आणि नातेही सुधारते, हेही त्यांनी सांगितले.

आमच्या मते सारा प्रश्न हेतूचा आहे. कोणाला मदत हवी हे शोधण्यास माप घेतले तर ते दिव्यासारखे उपयोगी पडते. शिक्षा ठरविण्यास घेतले तर दगडासारखे लागते. मात्र लेकरू खरोखर धोक्यात असेल, तर आईची भीड धरून गप्प बसणे हीही दया नव्हे. तेथे त्याला आधी सुरक्षित करावे. एरवी पुन्हा पाहावे, घरी जाऊन पाहावे. आईची प्रकृती, बापाचा हातभार, घरातील ओढगस्त हेही पाहावे.

आपण दवाखान्यात बसत नाही. पण उपासनेत रडणारे मूल घेऊन बाहेर जाणाऱ्या तरुण आईकडे पाहून किती चटकन मत बनवितो! एन्सवर्थबाईंचे निरीक्षक वर्षभर घरी जात, मग मत देत. आपण निदान एकदा तिच्या घरी जावे, आणि जाताना बाळाला तासभर सांभाळण्याची तयारी ठेवून जावे.