बुजण्यापूर्वीचा पाया

घर बांधणाऱ्या मनुष्यास भिंतींचा रंग बदलण्याची संधी जन्मभर असते. दारे-खिडक्या बदलता येतात, फरशी उखडता येते, फार काय, पैसा असल्यास डोक्यावरचा स्लॅबही पाडून नवा टाकता येतो. पाया मात्र त्यास एकदाच दिसतो, आणि तोही एखाद-दुसरा दिवस. लोखंडाची जाळी बांधून झाली आहे आणि काँक्रीट अजून पडावयाचे आहे, एवढ्या अवकाशात जे पाहून घ्यावे तेवढेच त्याचे पाहणे. त्यानंतर आपल्याच घराच्या मुळाविषयी तो जे सांगेल ते सारे ऐकीव होय.

गेल्या माघात माझे मेहुणे भिवंडीच्या वेशीवर घर बांधीत होते. खाली स्वतः राहावे आणि वरचा मजला यंत्रमागावर काम करणाऱ्या एखाद्या कुटुंबास भाड्याने द्यावा, असा त्यांचा बेत. काँक्रीट पडण्याच्या आदल्या संध्याकाळी त्यांनी मला पाया दाखवावयास नेले. दाखवावयास म्हणजे कौतुकाने, तपासावयास नव्हे. भूमिपूजनाचे हळदकुंकू अद्याप एका दगडावर शिल्लक होते. मी खड्ड्यात उतरू लागलो तेव्हा त्यांनी माझा दंड धरला व हळूच म्हणाले, "राहू द्या, भावोजी. मिस्त्रींना वाटेल, आपला त्यांच्यावर भरवसा नाही."

हा संकोच आपल्या मध्यमवर्गाच्या हाडीमांसी खिळलेला आहे. ज्याच्यावर विश्वास टाकला त्याचे काम तपासणे म्हणजे त्याचा अपमान करणे, असे आपण लहानपणापासून मानीत आलो आहो. पायाची पूजा करण्यास आपणांस लाज वाटत नाही, पण त्यास फूटपट्टी लावण्यास वाटते. प्रश्न असा की, हा संकोच सौजन्य आहे की सौजन्याचा वेष घेतलेला आळस?

मी उतरलो. खड्डा चांगला मुरमापर्यंत खणलेला होता, तळाशी साध्या काँक्रीटचा थर नीट बसलेला होता. आखणीचे दोन्ही कर्ण दोरीने मापले, ते जुळले. वाकडे सापडले ते दोनच ठिकाणी. एका जाळीखालचे कव्हर ब्लॉक, म्हणजे लोखंडास तळापासून दोन इंच उचलून धरणारे सिमेंटचे ठोकळे, लावलेलेच नव्हते. आणि कोपऱ्यातल्या खड्ड्यात सळयांची टोके सरळ मातीला टेकलेली होती. मिस्त्रींना विचारले. ते रागावले नाहीत, खोटेही बोलले नाहीत. म्हणाले, "ठोकळे संपले, साहेब. आणि उद्या काँक्रीट पडलं की हे कोणाला दिसायचंय?"

हे वाक्य लबाडाचे नव्हते, म्हणूनच ते मला अधिक भेडसावते. दिवसभर उन्हात राबलेला, सकाळी सात वाजता मिक्सर यावयाचा म्हणून घाईत असलेला असा तो मनुष्य होता. पायातले पाप बहुधा असेच घडते. त्यास खलपुरुष लागत नाही. संध्याकाळची वेळ आणि उद्या सर्व झाकले जाईल ही खात्री, एवढे पुरते.

लोखंडाभोवतीचे काँक्रीट त्याचे गंजापासून रक्षण करते. ते आवरण जेथे नाही तेथे मातीतली ओल सळईस गाठते. गंज मूळ लोखंडापेक्षा कितीतरी अधिक जागा व्यापतो, आणि बाहेर पडू पाहताना काँक्रीटच फोडतो. पण हे आज घडत नाही, उद्याही नाही. वर्षे जातात. तोवर मिस्त्रींचा हिशेब चुकता झालेला असतो, मालकाने कदाचित घर विकलेलेही असते, आणि वरच्या मजल्यावर असे कोणी झोपलेले असते की ज्याच्या जन्मापूर्वी तो खड्डा बुजला.

भिवंडीत तरी हे विसरता येऊ नये. २१ सप्टेंबर २०२० रोजी पहाटे, माणसे झोपेत असताना, तेथील पटेल कंपाउंडमधील जिलानी इमारत कोसळली आणि किमान ३८ जीव गेले. तिच्या पतनाची कारणमीमांसा हा या लेखाचा विषय नव्हे. त्यापूर्वी, ४ एप्रिल २०१३ रोजी, शिळफाट्याजवळ एक इमारत बांधकाम चालू असतानाच पडली. खालच्या मजल्यांवर मजुरांची कुटुंबे तेव्हाच राहावयास आली होती. ७४ माणसे मेली. अशा वेळी मनात येते ते हे की, मेलेल्यांपैकी कितीजणांना पाया पाहण्याचा प्रसंग कधी आला असेल?

सुमारे पावणेचार हजार वर्षांपूर्वी बाबिलोनच्या हम्मुरबी राजाने कायदा केला होता : घर पडून मालक मेला तर बांधणाऱ्यास देहान्त, मालकाचा मुलगा मेला तर बांधणाऱ्याच्या मुलास. निर्दयपणा सोडून द्या; मला त्यातली उणीव निराळीच दिसते. त्या कलमांत मालक आहे, मुलगा आहे, गुलामही आहे. भाडेकरू मात्र नाही.

म्हणूनच मेहुण्यांचा संकोच मला मान्य करता येईना. स्वतःच्याच जीवाचा प्रश्न असता तर भिडेखातर गप्प बसण्याचा त्यांना काही अधिकार होता. परक्याच्या जीवावर भीड राखण्याचा अधिकार कोणी दिला? इंजिनियरची सही, परवानगीचे कागद ही सर्व हवीतच. पण कागद खड्ड्यात उतरत नाही. आणि अपमानाविषयी म्हणाल तर मिस्त्री स्वतः आपल्या भिंतीस ओळंबा लावतातच की! आपल्या डोळ्याचा अपमान झाला असे त्यांना त्या वेळी कधी वाटले आहे?

हे मी त्यांनाच बोलून दाखविले तेव्हा ते हसले. दुसऱ्या दिवशी मिक्सर दोन तास थांबवून ठेवला. मेहुणे स्वतः जाऊन ठोकळे घेऊन आले, मिस्त्रींनी ते आपल्या हाताने बसविले, कोपऱ्यातला खड्डा चार बोटे रुंद केला, आणि मग आपण होऊन मला हाक मारून सर्व जाळ्या दाखविल्या. काँक्रीट पडत असता आम्ही काठावर उभे होतो. मी सहज विचारले, "मिस्त्री, तुम्ही राहता त्या इमारतीचा पाया कसा आहे?"

ते भाड्याच्या खोलीत राहतात, गावातच, तिसऱ्या मजल्यावर.

"आम्ही गेलो तेव्हा," ते म्हणाले, "तिला रंगसुद्धा देऊन झाला होता."